चालते ना अजून!

खामगावात घर किती जुने हे उंबऱ्यावरून कळते. नव्या घरात पायऱ्या चढून जावे लागते, जुन्या घरात उतरून. घर खचलेले नसते, रस्ता वर आलेला असतो. दर काही वर्षांनी जुन्या काँक्रीटवर नवा थर पडतो, त्यासोबत नालीही वर सरकते, आणि संडासाच्या टाकीतून जे पाणी वर्षानुवर्षे आपल्या पायाने नालीत जात होते ते टाकीतच थबकून मालकाच्या तोंडाकडे पाहू लागते. शोषखड्डा खणावा तर घाटाखालची ही काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि एकदा भिजली की थेंब आत घ्यायची नाही. मग टाकीशेजारी छोटा हौद बांधायचा, त्यात पंप सोडायचा आणि पाणी उचलून नालीत टाकायचे, एवढाच मार्ग उरतो.

आमच्या गल्लीत असा पंप पाचसहा घरी आहे. पण पंपाला माणूस जोडलेला आहे तो एकाच घरी.

त्या माणसाला सगळे भाऊ म्हणतात. उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. चिकलठाण्याच्या कारखान्यात जुन्या चासीवर नवी बॉडी चढताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि तेव्हापासून जगातली कुठलीही वस्तू मरते यावरचा त्यांचा विश्वास उडाला आहे. त्यांच्या घरातल्या टेबलफॅनला पत्र्याची पाती आहेत, ती त्यांनीच कापलेली. मिक्सरला सायकलचे बटण आहे. छत्रीच्या तीन काड्या वेगवेगळ्या छत्र्यांच्या आहेत, त्यामुळे पावसात ती थोडी डावीकडे झुकते आणि भाऊही. नवीन घ्या, असे त्यांना कुणी म्हटले की एखाद्याच्या म्हाताऱ्या आईबद्दल वाईट बोलल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. आणि मग ते वाक्य येते : “चालते ना अजून!”

भाऊ कंजूष आहेत असे समजू नये. शेगावच्या पायी वारीतल्या दिंडीला ते दरवर्षी चहा पाजतात, तोही दुधाचा. पंपावर त्यांनी घातलेल्या पैशांत दुसरा पंप कधीच आला असता. पण भाऊंचा हिशेब वेगळा आहे. त्यांच्या वहीत दुरुस्तीच्या खर्चासमोर एक रकाना असतो : ‘नवीन न घेतल्याने शिल्लक’. दर दुरुस्तीला तिथे नव्या पंपाची पूर्ण किंमत जमा होते. त्या वहीवर विश्वास ठेवायचा तर त्या एका पंपाने भाऊंना आजवर डझनभर पंपांचे पैसे मिळवून दिले आहेत. हे पैसे कुठे आहेत, असे वहिनींनी एकदा विचारले होते. भाऊ म्हणाले, “वहीत हायेत ना!”

मुळात तो पंप या कामाचा नव्हताच. शेतातल्या टाक्यातले स्वच्छ पाणी उचलायला घेतलेला. त्याचा इम्पेलर बंद जातीचा. दोन चकत्यांच्या मधल्या अरुंद वाटांतून पाणी जाते, आणि स्वच्छ पाण्याला ती रचना उत्तम. मैलपाण्याच्या पंपात इम्पेलर उघडा आणि वाटा रुंद असतात, म्हणजे केस, चिंधी, गाळ आला तरी ढकलला जातो. भाऊंच्या पंपात साडीच्या काठाचा एक दोरा गेला तरी जाम. मग मोटर फिरत नाही, नुसती गुंगुं करते, तापते आणि जळते. त्यात रात्री गल्लीतले व्होल्टेज पडले की ती जास्त करंट ओढते आणि आणखी लवकर जळते. जळली की भाऊ ती पोत्यात घालून भरायला नेतात. वायंडिंगवाला त्यांना लांबून येताना पाहिले की आधी खुर्ची पुसतो.

कंडेन्सर बदलला, बेअरिंग बदलले, सील बदलले, तांब्याची तार तर कितींदा बदलली असेल. आता मूळ पंपातले काय शिल्लक आहे, असा प्रश्न कुणालाही पडावा. भाऊंना पडत नाही. मागे वहिनींनी विषय काढला तेव्हा ते अंगणात बाज टाकून बसले होते. आवाज न चढवता म्हणाले, “जलंबहून आपली रेल्वे कधी आली? १८७० साली. कापूस न्यायले. आजही चालते. कोनी म्हन्लं का, लय जुनी झाली, फेका?”

“आवो, पन इंजिनं बदलले ना त्याईनं!” वहिनी म्हणाल्या.

भाऊ बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, “रूळ त थेच हायेत.”

सगळ्या महाराष्ट्रात देवी दसऱ्याला उठते. खामगावात मोठ्या देवीचा उत्सव कोजागिरीपासून सुरू होतो. गावात लेकीबाळी येतात, घरे भरतात आणि त्याच हिशेबाने टाक्याही भरतात. यंदा भाऊंची पुण्याची नात आली, आणि तिच्यासोबत बाळाच्या ओल्या वाइप्सची दोन पाकिटे. हे वाइप्स दिसायला कागदासारखे, पण पाण्यात विरघळत नाहीत. पिळले की त्यांचा दोरखंड होतो. तिसऱ्या दिवशी संडासात पाणी वर आले. पंप गुंगुं करू लागला, मग तेही थांबले. भाऊंनी हौदाचे झाकण बाजूला करून कान लावला.

“मेली नाई,” त्यांनी जाहीर केले. “आराम करून राह्यली.”

घरात चौदा माणसे होती. त्यांतल्या कुणालाच आराम मिळत नव्हता. लेकी शेजारच्या घरांत जाऊन येऊ लागल्या. आमच्या घराला तेव्हा जी प्रतिष्ठा आली ती पुन्हा यायची नाही. दुपारी कुणीतरी एक तरणा पोरगा घेऊन आले. तो म्हणाला, पाचशे द्या, मी टाकीत उतरतो, सगळे साफ करून देतो.

आणि इथे भाऊ एकदम वेगळेच माणूस झाले. उठून त्यांनी टाकीच्या झाकणावर खुर्ची टाकली आणि तीवर बसले. आत वायू असतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण जास्त झाला की नाकच मरते आणि वास यायचाच थांबतो. माणसाला वाटते हवा चांगली आहे, आणि तो वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही येत नाही. २०१३चा कायदा हे काम असे करून घेणाऱ्यालाच गुन्हेगार धरतो, हेही भाऊंना ठाऊक होते. “गाडी बोलवा,” ते म्हणाले, “नळी उतरन, मानूस नाई उतरनार.” पोराला पाचशे दिले नाहीत, पण फराळाला बसवले. टाकी उपसायची गाडी येईपर्यंत ते खुर्चीवरून हलले नाहीत.

टाकी उपसून झाली, पण पंपाचे काय? तो वर काढला तेव्हा त्याच्या पोटातून वाइप्सची वीतभर वेणी निघाली, आणि सीलमधून पाणी शिरून वायंडिंग काळे पडले होते. भाऊंनी पोते मागितले. वहिनींनी दिले नाही. पुण्याची नात मोबाइलवर काहीतरी करू लागली तसे भाऊ घाईने उठले. नवा पंप घ्यायचाच तर तो आपण पाहून घेऊ. न पाहिलेले यंत्र घरात येणे त्यांना पटण्यासारखे नव्हते.

दुकानात मी सोबत होतो. भाऊंनी पहिलेच वाक्य टाकले, दोन एचपी द्या. दुकानदाराने विचारले, हौद केवढा, पाणी किती फूट उचलायचे? भाऊंनी खिशातून गाठी मारलेली सुतळी काढली. सहा फूट. दुकानदार म्हणाला, “काका, याले अर्धा एचपी बस झाला. एवढ्याशा हौदात मोठा पंप टाकला त क्षणात रिकामा करन, बंद पडन, पुन्हा चालू होईन. दिवसभर चालू-बंद होऊन मोटर जळन.” जळण्यावर आपल्यापेक्षा जास्त बोलणारा माणूस भाऊंना प्रथमच भेटला होता. त्यांनी आदराने पुढचे प्रश्न विचारले. मैलपाण्याचाच पंप, फ्लोट असलेला, म्हणजे पाणी वाढले की आपोआप चालू आणि उतरले की बंद. पाइप दोन इंची, घरात पडलेला एक इंची नको, तो तुंबतो. वर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, नाहीतर उचललेले पाणी उलटे येते आणि तेच पुन्हा उपसत बसावे लागते. आणि पंप उचलायला नायलॉनचा दोर. केबलला धरून ओढायचा नाही. या शेवटच्या सूचनेला भाऊंनी मान वळवून बाहेरच्या रस्त्याकडे पाहिले.

पंप बसला. फ्लोट उचलला गेला, पाणी सुळकन नालीत पडले, फ्लोट खाली आला, पंप थांबला. घरातल्या सगळ्यांनी देवीचे नाव घेतले. जुना पंप वहिनी भंगारवाल्याला देणार होत्या. भाऊंनी तो धुऊन, वाळवून माळ्यावर ठेवला. उन्हाळ्यात कुलरला लावता येईल म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे असे पाहिले की तो प्रस्ताव त्यांनी तिथल्या तिथे मागे घेतला. वहीत मात्र भंगारात न दिल्याबद्दलची शिल्लक जमा झाली.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर मी सहज डोकावलो तर भाऊ हौदापाशी बॅटरी घेऊन उकिडवे बसलेले.

“काय झालं भाऊ?”

“आवाजच येत नाई.”

“चांगलंच आहे की.”

“चांगलं कसं? मोटर हाय आन् आवाज नाई? आतमंदी काईतरी ढिलं असन. एकदा खोलून पायतो.”

मी म्हटले, खोलला तर वॉरंटी जाईल. भाऊंनी ते ऐकले नाही, कारण ते घरात वळून दहा नंबरचा पाना मागत होते. आतून वहिनींचा शांत आवाज आला. सगळे पाने त्यांनी गव्हाच्या कोठीत, सर्वांत तळाशी ठेवले होते. वरून तीन क्विंटल गहू ओतला होता.

भाऊ उठले, धोतराचा सोगा खोवला आणि म्हणाले, “सूप कुठी हाय?”