आठ मिलिमीटरची अस्मिता

बोलोन्यात जाऊन 'स्पॅगेटी बोलोनेझ' मागणं म्हणजे कोल्हापुरात 'व्हेज कोल्हापुरी' मागण्यासारखं आहे. वेटर आणून देईलही, पण त्याच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते मेनूकार्डात छापलेलं नसतं. तिथला रागू, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास रटरटलेला खिमा, जातो तालियातेल्लेवर. अंड्यात मळलेल्या पिठाच्या रुंद फितींवर. रुंद म्हणजे किती, हेही गावाने कुणाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. १९७२ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये चक्क सोन्याची एक फीत नमुना म्हणून ठेवली गेली. शिजल्यावर रुंदी ८ मिलिमीटर, म्हणजे गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग! मोदकाला कळ्या किती, यावरून सख्ख्या जावांत अबोला धरणाऱ्या आपल्या लोकांना हे गाव परकं वाटायचं काहीच कारण नाही. आपण सोन्याचा मोदक गणपतीपुढे ठेवतो, ते सोन्याची फीत पुराव्यादाखल ठेवतात, एवढाच काय तो फरक.

तरीही सहलीहून परतलेली मंडळी हमखास सांगतात, "आठ दिवस नुसता पिझ्झा-पास्ता, जीव विटला हो!" विटणारच. रत्नागिरीत उतरून रोज पनीर बटर मसाला खाल्ला, तर दोष कोकणाचा कसा? इटालियन जेवण नावाची वस्तू मुख्यतः इटलीबाहेर मिळते. आत मिळतं ते त्या त्या गावाचं जेवण. म्हणून हॉटेलात देशाचं नाव विसरावं आणि गावाचं विचारावं. 'सगळं बेचव असतं' या तक्रारीचंही तेच. तोस्काना प्रांतातला पाव अळणी असतो खरा, पण तो खारवलेल्या मांसाबरोबर किंवा चीजबरोबर खायचा असतो. नुसती भाकरी चघळून ठेचा कुठाय म्हणून रडायचं नसतं. तिखटच हवं असेल तर खाली कालाब्रियात जावं. तिथे मिरचीने लालभडक झालेलं डुकराचं मांस पावावर लोण्यासारखं फासतात. (माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' लावून नुसतं बसल्याचे पैसे घेतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. पाव जास्त खाऊन ते वसूल करता येतात.)

शाकाहाऱ्यांचा आक्षेप जास्त वजनदार. अस्सल पार्मेजान वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय होतच नाही, तेव्हा 'फक्त चीज घाला' म्हणणाऱ्याचा सोवळेपणा पहिल्याच घासाला संपतो. पण जेनोआत फारिनाता मिळतो: हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल. भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत सारतात. वरून खरपूस, आत मऊ, कागदावर तुकडे करून देतात. जो माणूस घरी डाळीच्या पिठाचं धिरडं आवडीने खातो, त्याने इथे उपाशी राहिल्याचा कांगावा करू नये. आणि सिसिलीतल्या पालेर्मोत तर पानेल्ले: तेच पीठ पाटवडीसारखं शिजवून थापायचं, गार झाल्यावर कापून तळायचं, तीळ लावलेल्या पावात भरायचं आणि वर लिंबू पिळायचं. बॅगेच्या तळाशी कपड्यांत गुंडाळून आणलेली लसणाची चटणी काढायचीच असेल, तर ती इथे काढावी. पानेल्लेवाल्यालाही चिमूटभर द्यावी.