काही डॉक्टर श्रीमंत आहेत

माझी भाची पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करते. म्हणजे सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत सकाळी सातला खुर्ची धरते आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येते. पिशवीत दोनशेपानी 'चुकांची वही' असते. सराव पेपरात चुकलेला प्रत्येक बुद्धिमत्तेचा प्रश्न त्यात उतरवायचा आणि शेवटच्या रकान्यात का चुकलं ते लिहायचं, असा क्लासच्या सरांचा दंडक. ती आणि माझी आई स्वयंपाकघरात असल्या की मी ती वही आवडीने वाचतो.

सुरुवातीची पानं कंटाळवाणी आहेत. 'घाई.' 'सिली मिस्टेक.' 'घाई.' 'वरीलप्रमाणे.' ही कारणं नव्हेत, रजेचे अर्ज झाले. पूर्वपरीक्षेतल्या सी-सॅट नावाच्या पेपरात दोन तासांत ८० प्रश्न, म्हणजे दर प्रश्नाला दीड मिनिट. घाई कोणाला नसते? यूपीएससीने हा पेपर २०११ साली आणला आणि २०१५ पासून पात्रतेपुरता ठेवला. एमपीएससीनेही पुढे तोच कित्ता गिरवला. आता ३३ टक्के मिळाले की सुटका. पण चार उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराचे गुण जातात, त्यामुळे ते ३३सुद्धा डोळ्यांत पाणी आणतात.

मग हळूहळू रकाना खरं बोलायला लागतो. सव्वातीन वाजता घड्याळाच्या दोन काट्यांत किती अंशांचा कोन? उत्तर दिलं होतं शून्य. मिनिटकाटा तीनवर येईपर्यंत तासकाटा पाव तास पुढे गेलेला असतो, म्हणून साडेसात अंश. कारण: 'मोठा माणूस जागचा हलत नाही असं धरलं.' मुलगी अधिकारी होणार याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

माझं आवडतं पान मात्र तर्कानुमानाचं. 'सर्व आंबे पुस्तके आहेत. काही पुस्तके नद्या आहेत. निष्कर्ष: काही आंबे नद्या आहेत.' इथे तिने बिनचूक 'निष्कर्ष निघत नाही' लिहिलंय. लगेच खाली: 'सर्व डॉक्टर सुशिक्षित आहेत. काही सुशिक्षित लोक श्रीमंत आहेत. निष्कर्ष: काही डॉक्टर श्रीमंत आहेत.' इथे 'निघतो'! गणित तेच, सांगाडा तोच. श्रीमंत सुशिक्षितांत एकही डॉक्टर नसू शकतो, एवढंच पाहायचं होतं. शेवटच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलंय: 'कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा बंगला आठवला.'

आंब्याची नदी कुणी पाहिलेली नाही, म्हणून तिथे डोकं शाबूत राहतं. बंगला रोज दिसतो, तिथे घात होतो. वाक्य खरं वाटलं की ते सिद्ध झालं, असं आपण धरूनच चालतो.

आंब्यांचा प्रश्न मी आईला वाचून दाखवला. "आंबा पुस्तक कसा असेल रे?" म्हटलं, क्षणभर धरून चालायचं. "मी का धरू? पेपर काढणाऱ्याला धर." लुरिया नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३१-३२ साली उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना विचारलं होतं, की उत्तरेत जिथे बर्फ असतो तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, नोवाया झेमल्या तिकडेच आहे, तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? न शिकलेल्यांपैकी अनेकांचं म्हणणं असं पडलं, की आम्ही तिकडे गेलो नाही, न पाहिलेल्याबद्दल कसं बोलावं? लुरिया आमच्या स्वयंपाकघरात आला असता तर त्याचा प्रवासखर्च वाचला असता.

नातेसंबंधांत मात्र आईपुढे भाचीची डाळ शिजत नाही. 'फोटोतल्या तरुणाकडे बोट दाखवून एक बाई म्हणाली, याच्या आईचा एकुलता एक भाऊ हा माझा नवरा. तर तो तरुण बाईचा कोण?' भाचीने अधिक-उणे घालून, रेघा ओढून वंशवृक्ष काढला आणि 'दीर' लिहून ठेवलं. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "नणंदेचा मुलगा." मग भाचीकडे बघून, "आणि सरळ नाव का नाही सांगत ती? बोलणं बंद असणार." वहीत त्या प्रश्नापुढे आता लिहिलंय: 'आजीचा पहिला भाग घ्यायचा, दुसरा सोडायचा.'

वहीचा खरा उपयोग मात्र मागच्या रविवारी झाला. भाचीसाठी एक स्थळ आलं होतं. आईने चष्मा लावून बायोडाटा खड्या आवाजात वाचला: "मुलगा पुण्यात नोकरीला. कुटुंबाचा कोथरूडला टू बीएचके." आणि लगेच, "म्हणजे मुलाचा कोथरूडला फ्लॅट आहे!"

"निष्कर्ष निघत नाही," भाची वरणभात कालवत म्हणाली. "मुलगा तिथे राहतो हेसुद्धा निघत नाही."

"पण लिहिलंय की!"

"काय लिहिलंय तेवढंच वाच, आजी. बंगला आठवू नकोस."

आई तरातरा फोनकडे गेली. दहा मिनिटांनी परत आली ती गप्पच. फ्लॅट मुलाच्या काकांचा निघाला. मुलगा तीन मित्रांबरोबर वारज्यात भाड्याने राहतो.

"दीड मिनिटात सांगितलं होतं," भाची म्हणाली आणि तूप मागितलं.