सर्वांसाठी खुले, अंध वगळून

२००५ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने ठरवले, की सरकारी कागदपत्रे यापुढे ओपनडॉक्युमेंट या खुल्या स्वरूपात ठेवायची. एका कंपनीची मक्तेदारी नको, दस्तऐवज सर्वांना उघडता यावेत. हेतू सोन्यासारखा.

फक्त ‘सर्वांना’ म्हणताना अंध कर्मचारी मोजायचे राहून गेले. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे त्यांचे जॉजसारखे स्क्रीन रीडर वर्षानुवर्षे मायक्रोसॉफ्टच्या वर्डशी जुळवून घेत आलेले; हे खुले स्वरूप वापरणाऱ्या ओपनऑफिससमोर त्यांची बोबडी वळे. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवल्यावर स्वातंत्र्याच्या शिलेदारांची मोठी पंचाईत झाली. गुलामीत निदान कळफलक तरी चालत होता!

२००७ मध्ये राज्याने मायक्रोसॉफ्टच्या ओपन एक्सएमएल या स्वरूपालाही मान्यता दिली. त्याच वर्षी बाजारात आलेल्या नव्या वर्डने ओळखीचे मेन्यू काढून तिथे बटणांची पट्टी, म्हणजे रिबन, बसवली, आणि पाठ झालेल्या वाटा अंध वापरकर्ते पुन्हा पहिल्यापासून घोकू लागले.