दोष केबलचा

आमच्या सोसायटीत त्यांना दत्तोपंत म्हणतात. खरं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त लाइटबिलावर उरलंय. टेबलावर तीन मॉनिटर आणि तिन्हींकडे आळीपाळीने वळणारी मान, एवढ्या भांडवलावर हे नाव पडलं. त्यांना त्याचा राग नाही. उलट म्हणाले, "दत्ताला तीन तोंडं. माझ्या ग्राफिक्स कार्डाला चार पोर्ट आहेत."

असा एक दत्तोपंत हल्ली प्रत्येक सोसायटीत सापडतो. ओळखायला सोपा. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी कन्व्हर्टर असतो. बारशाला गेला तरी बाळाकडे बघण्याआधी टीव्हीच्या पाठीमागे डोकावतो.

पंतांच्या बॉक्सबेडमध्ये पांघरुणांऐवजी केबल्स आहेत. त्यात निळ्या तोंडाची, दोन बाजूंना दोन स्क्रूंच्या कुड्या घातलेली व्हीजीए केबल सर्वांत वर. आयबीएमने १९८७ साली आणलेलं हे घराणं, पिना १५. आज घरात ती लावायला एकही भोक नाही. "लागते कधीतरी," पंत म्हणतात. शालूबद्दल वहिनीही हेच म्हणतात, म्हणून या विषयावर घरात तह आहे.

मॉनिटर आणि कार्ड यांची गाठ घालून देणं हा पंतांचा खरा धर्म. त्याआधी ते दोन्हीकडची पत्रिका बघतात. एचडीएमआय, पिना १९. डिस्प्लेपोर्ट, पिना २०. "एका पिनेवरून सोयरीक मोडते का हो?" मी विचारलं. पंत गंभीर झाले. "कार्डाकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय असेल, तर साधा मध्यस्थ चालतो. उलट असेल तर मात्र वीज खाणारा, शिकलेला मध्यस्थ लागतो. लोक स्वस्तातला आणतात आणि मग मॉनिटरला शिव्या देतात." हा उपदेश तापकीर गल्लीत त्यांनी एका दुकानदारालाही ऐकवला होता. त्याने कन्व्हर्टर फुकट दिला आणि शटर ओढलं.

तळमजल्यावरच्या आजोबांनी नातवासाठी ग्राफिक्स कार्ड घातलेला कॉम्प्युटर घेतला. सहा महिने नातू कुरकुरत होता की गेम अडखळतो. पंतांनी कॅबिनेट फिरवलं आणि कपाळावर हात मारला. केबल वरच्या उभ्या पट्टीत, म्हणजे मदरबोर्डला लावलेली; खालच्या आडव्या पट्टीतलं कार्ड तसंच बसून. "आजोबा, तुम्ही पगारी आचारी ठेवलाय आणि पोहे अजून स्वतःच करताय!" केबल दोन इंच खाली सरकली आणि गेम पळू लागला. त्या दिवसापासून आजोबा पंतांना नमस्कार करतात, तोही वाकून, कारण पंत बहुतेक वेळा टेबलाखालीच भेटतात.

पंतांचा या क्षेत्रातला अधिकार जुना आहे. विंडोज ९८ मध्ये एकाहून जास्त मॉनिटर लावायची सोय आली, तेव्हा त्यांनी काचेची दोन डबडी शेजारी शेजारी मांडली. टेबल मधोमध वाकलं. ते वाकलेलं टेबल आजही गॅलरीत आहे. त्यावर तुळस ठेवलीय.

आताच्या तीन मॉनिटरांवर काय असतं? डावीकडे क्रिकेटचा स्कोअर. उजवीकडचा उभा करून ठेवलेला, त्यावर ईमेल पोथीसारखी खाली खाली सरकत असते. ऑफिसचं काम मधल्या स्क्रीनवर, तेही एका कोपऱ्यातल्या एक्सेलमध्ये. एकदा सेटिंगमध्ये एक आणि तीन नंबरचे चौकोन उलटसुलट झाले, तर माउस शनिवार पेठेत शिरायचा आणि कोथरूडला निघायचा. पंतांनी चौकोन ओढून जागेवर आणले, पण ते त्यांना फारसं रुचलं नाही. बिघाड असा बसल्याजागी सुटला की त्यांचा जीव रमत नाही. "सॉफ्टवेअर बिचारं गरीब असतं," ते म्हणतात. "दोष नेहमी केबलचा."

जगाला मात्र ते वेगळंच सांगतात. दुसरा मॉनिटर दिसत नाही म्हणून कुणाचा फोन आला, की पहिला प्रश्न, "विंडोज आणि पी दाबलंत का? चार पर्याय येतील. 'एक्स्टेंड' निवडा. 'पीसी स्क्रीन ओन्ली' झालं असेल तर बाकीचे झोपणारच." हे पाठांतर वहिनींनी आठ वर्षं पोळ्या लाटता लाटता ऐकलंय.

गेल्या रविवारी दुपारी मी गेलो, तर मधला मॉनिटर चालू, आजूबाजूचे दोन काळे. टेबलाखालून पंतांचे पाय तेवढे बाहेर. "केबल!" आतून आवाज आला. "म्हटलं नव्हतं?" मग बराच वेळ काहीच नाही.

मी हळूच म्हटलं, "वहिनी, विंडोज आणि पी...?"

"मीच दाबलं," वहिनी तितक्याच हळू म्हणाल्या. "दर रविवारी दाबते. नाहीतर जेवण झालं की माझ्या टीव्हीच्या मागे हात घालतात. असे तासभर टेबलाखाली रमतात, माझी मालिका बघून होते."

मालिका संपली. वहिनींनी चहा टेबलावर ठेवला आणि ठेवता ठेवता दोन बटणं दाबली. तिन्ही मॉनिटर उजळले. पंत बाहेर आले, केस विस्कटलेले, गालावर आडवा वळ. "पाहिलंत? सैल होती."

मला सोडायला जिन्यापर्यंत आले. दार लोटून घेतलं आणि कानाशी म्हणाले, "विंडोज-पीचं मला माहीत आहे, तिला सांगू नका. केबलींच्या मागे उशी ठेवलीय मी. रविवारची झोप अशी दुसरीकडे कुठे लागत नाही हो."