कुंपणाशी: वहिनींची यादी

अहो, इकडे या ना जरा कुंपणापाशी. ऐकलंत का कोपऱ्यावरच्या वहिनींचं? नाही? अगंबाई, अख्ख्या एडिसनला कळलंय आणि तुम्हालाच नाही!

त्या पुस्तकं लायब्ररीथिंगवर चढवतात, ते तर जगजाहीर आहे. मेनमधल्या पोर्टलंडच्या टिम स्पॉल्डिंगचं ते, २००५ पासूनचं. तेव्हा २०० पुस्तकं फुकट असायची, पुढे वर्षाला १० डॉलर, नाहीतर एकदाच २५ भरले की जन्माची कटकट मिटली. वहिनी कसल्या २५ डॉलर सोडताहेत! बरोब्बर दोनशेवर थांबल्या. तीही सगळी इंग्रजी, जाडजूड, चारचौघांत मिरवायला बरी अशी. मग मार्च २०२० मध्ये साइटवाल्यांनी सगळ्यांना सगळं फुकट करून टाकलं, त्यात घराबाहेर पडायची बंदी... वहिनींनी बेसमेंटमधले मराठी खोके उघडले की हो!

आणि तिथंच फसल्या. इंग्रजी पुस्तकाचा बारकोड फोनला दाखवला की नाव, प्रकाशक, कव्हर, सगळं आपोआप येतं. आपल्या जुन्या मराठी पुस्तकांना कुठला आलाय आयएसबीएन! नाव हातानं टाइप करा, कव्हरचा फोटोही आपणच काढा. वहिनींनी काढला.

बाकी मी गुडरीड्सवर असते. तिथे मेलं सगळे दुसऱ्यानं काय वाचलं तेच बघतात. तसलीच दुसरी साइट शेल्फारी, तिचं काय झालं आठवतंय ना? २००८ मध्ये अ‍ॅमेझॉननं घेतली, २०१३ मध्ये गुडरीड्सही घेतली, आणि २०१६ ला शेल्फारी बंदच. एका घरात दोन सुना, एकीनं निघायचंच होतं! लायब्ररीथिंगमध्येसुद्धा एबबुक्सची ४० टक्के भागीदारी होती, आणि ती एबबुक्सही अ‍ॅमेझॉनच्याच...

तर काय सांगत होते? फोटो! लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, जुनी प्रत. कव्हरवर चहाच्या कपाचा गोल डाग, आणि कोपऱ्यात निळ्या शाईनं नाव, आपल्या मंडळाच्या काकूंच्या सासूबाईंचं! वहिनींना डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं, तेव्हा काकूंनी वाचायला दिलेली. ते बाळ आता कॉलेजात आहे.

काकूंनीही आपली यादी केलेलीच. तुमची पुस्तकं आणखी कुणाकडे आहेत, ते ती साइट आपणहून सांगते हो. काकूंनी क्लिक केलं, नि समोर सासूबाईंचं अक्षर!

त्याहून कहर ऐका. वहिनींनी ते पुस्तक बुकमूच नावाच्या पुस्तक-अदलाबदलीच्या साइटवर द्यायला काढलेलं. तिथे पुस्तक नुसतं यादीत घातलं तरी दशांश पॉइंट मिळतो, कुणाला पाठवलं की एक अख्खा, आणि परदेशी पाठवलं की जास्तच. लंडनचं गिऱ्हाईकही ठरलं होतं म्हणे!

भोंडल्याला काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, “काय हो वहिनी, आमच्या सासूबाई लंडनला निघाल्यात म्हणे?” वहिनींचा चेहरा असा उतरला म्हणता! हातातली खिरापत तशीच हातात. मला वाटलं, आता रडतात.

छे हो. शांतपणे उठल्या, गाडीतून पुस्तक आणलं, मागचं पान उघडलं आणि काकूंच्या पुढ्यात धरलं. जांभळा शिक्का! दादरच्या कुठल्याशा ग्रंथालयाचा. खाली परत करायची तारीख, १९७१ सालची. “आपल्या सासूबाईंचंच ना?” एवढंच म्हणाल्या.

आता काकूंचा चेहरा बघायचा! काका तर छताकडेच बघत बसले.

तेव्हापासून पुस्तकाला दोघीही हात लावत नाहीत. सध्या माझ्याकडे आहे. भांडण मिटेपर्यंत म्हटलं मीच वाचते... कुणाला बोलू नका हं. आणि मी काही ते यादीत घालणार नाहीये.