फुकटचं वेळापत्रक

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत टीव्हीला लागणारं सगळं मिळतं. छत्री, सेट-टॉप बॉक्स, केबल, पिना आणि न मागितलेला सल्ला. टीव्हीवर आज काय आहे, हे तेवढं मिळत नाही. ते पूर्वी पेपरात यायचं, तेही बिनबोभाट. आता हौशी मंडळी अडगळीतला कॉम्प्युटर झटकून त्यावर एक्सएमएलटीव्ही नावाचं सॉफ्टवेअर बसवतात. मोफत आहे ना! ते ठिकठिकाणाहून कार्यक्रमांच्या वेळा गोळा करून एक फाइल बनवतं. त्यात वेळेपुढे +०५३० लिहायचं राहिलं, की ती ग्रीनिचची वेळ समजली जाते आणि सह्याद्रीवरच्या संध्याकाळी ७च्या बातम्या यादीत रात्री १२.३०ला जाऊन बसतात. मग दुरुस्ती. तोवर एखादी वाहिनी नाव बदलते, की पुन्हा जोडाजोडी. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, सॉफ्टवेअरला दमडी नाही; खर्च होतो तो फक्त रविवार. आणि हे सगळं चालतं त्याच खोलीत, जिथे झाडून सगळ्या मालिकांच्या वेळा तोंडपाठ असलेल्या आजी शेंगा सोलत बसलेल्या असतात. पण त्यांना विचारणार कोण? त्यात तांत्रिक असं काहीच नाही.