समासकर

सार्वजनिक वाचनालयातून आणलेल्या कादंबरीत, छापील मजकुराच्या कडेला पेन्सिलीनं 'साफ खोटे!' असं लिहिलेलं दिसलं की समजावं, आपल्याआधी हे पुस्तक समासकरांकडे जाऊन आलं आहे. समासकर हे कुणा एकाचं आडनाव नव्हे. 'ड' वर्गाच्या खेड्यातल्या वाचनालयापासून 'अ' वर्गाच्या शहरी ग्रंथालयापर्यंत या घराण्याचं खातं नाही अशी जागा मराठी मुलखात सापडणं कठीण.

समासकर बहुधा निवृत्त असतात. कशातून निवृत्त, ते शेऱ्यावरून कळतं. शिक्षक असतील तर प्रकरणाखाली १० पैकी ६ गुण देऊन 'पाल्हाळ टाळा' लिहितात. हिशेब तपासणीस असतील तर तांबडी-निळी पेन्सिल वापरतात. नायिका पहिल्या प्रकरणात १९ वर्षांची आणि मध्ये दोन पावसाळे होऊनही पाचव्या प्रकरणात १९ वर्षांचीच कशी, याचा खुलासा मागतात. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांच्या तावडीत तर लेखकानं सापडूच नये. १९७० सालचा नायक रात्री मुंबईला गाडीत बसून सकाळी कणकवली स्टेशनावर उतरला, की समासात टोकदार अक्षर उमटतं : 'कोकण रेल्वे १९९८. हा गेला कसा?' प्रेमभंग झालेल्या त्या बिचाऱ्या नायकाचं पुढं काय झालं, याच्याशी समासकरांना कर्तव्य नसतं. गाडीच नव्हती, तर प्रेमभंग कसला?

शुद्धलेखन हा त्यांचा वडिलोपार्जित वाद. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम सरकारनं मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार एका फटक्यात गेले. थोरल्या पातीच्या समासकरांना हा निकाल मान्य नव्हता. नव्या पुस्तकांतल्या 'नाव', 'काही', 'पाच' यांच्या डोक्यावर त्यांनी पेन्सिलीनं टिंबं द्यायला घेतली. धाकट्या पातीनं जुन्या पुस्तकांतली टिंबं खोडायला घेतली. एकाच पानावर दोन्ही पाती भेटल्याची पुस्तकं मी पाहिली आहेत. तिथे कागदच झिजून भोक पडलेलं असतं; अनुस्वार असो वा नसो, अक्षरही उरत नाही.

पौराणिक कादंबऱ्यांत त्यांना विशेष स्फुरण चढतं. भांडारकर संस्थेनं १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली आणि लगेच १९६७ साली शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आलं. समासकरांच्या दृष्टीनं हा योगायोग नव्हताच. खरं-खोटं ताडून पाहायची सोय आधी झाली, मग ताडून पाहण्याजोगं पुस्तक निघालं. तेव्हापासून 'मूळ भारतात असे नाही' हा शेरा कर्णाच्या कवचकुंडलांइतकाच त्या कादंबरीला चिकटला आहे. 'कोसला'च्या वाटेला गेलेल्या एका समासकरांनी पांडुरंग सांगवीकरच्या प्रत्येक 'वगैरे'खाली रेघ मारून पाच-पाचाचे जुडगे बांधले होते. दुसऱ्या कुणी तरी शेजारी लिहिलं होतं, 'तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का वगैरे?' अक्षर बायकी होतं. या घराण्यातल्या स्त्रिया कमी लिहितात, पण उत्तर म्हणून लिहितात. त्यांचा स्वतंत्र मुलूख म्हणजे 'रुचिरा'. कमलाबाई ओगल्यांनी मापं देऊन ठेवली असली तरी समासात 'साखर निम्मी पुरते' आणि त्याच्याखाली दुसऱ्या शाईत 'ज्याच्या-त्याच्या घरी' असं चाललेलं असतंच.

एक पाप मात्र या घराण्याच्या माथी आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांतल्या कितीकांच्या सुरुवातीच्याच पानांवर समासकरांनी गुन्हेगाराच्या नावाभोवती गोल काढून ठेवला. याला क्षमा नाही.

वर हेच गृहस्थ काउंटरवर ग्रंथपालांना सुनावतात, "काय हो, लोकं पुस्तकांची काय दशा करतात! तुमचं लक्ष नाही." ग्रंथपाल हसून मान डोलावतात. देवघेवीच्या वहीतली सही आणि समासातला 'साफ खोटे!' यांतला 'स' एकाच हातचा आहे, हे त्यांना केव्हापासून ठाऊक असतं. पण वर्गणी वेळेवर भरणारा आणि खरोखर वाचणारा सभासद कोण घालवील? समासकरांना खरी शिक्षा बाइंडर करतो. जुनं पुस्तक बांधणीला गेलं की कडा कापून एकसारख्या होतात आणि शेराही निम्मा छाटला जातो. 'लेखकाला अक्क' एवढंच मागं राहतं. अक्कल आहे की नाही, ते कातरणाबरोबर गेलेलं असतं.

ही खोड छपाईबरोबर आली असं मानणाऱ्यांनी नाथांना स्मरावं. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनेकशे वर्षं नकलांवर नकला होत पाठ बिघडत गेले होते. कुणी हौसेनं कडेला लिहायचं आणि पुढच्या नक्कलकारानं ते मूळचंच समजून आत ओढून घ्यायचं, हा हस्तलिखितांचा जुनाच रोग. काम पुरं करून नाथांनी बजावलं, की इथे कुणी आपल्या पदरची ओवी घालू नये. एवढ्या शांत माणसाला ताकीद द्यावी लागली, त्या अर्थी घालणारे समासकर पैठणातही असावेत.

एवढं सगळं असूनही मी त्यांच्या बाजूचा आहे. आपल्याकडे पुस्तकाचं परीक्षण लेखकाचा मित्र लिहितो. मित्र मोकळा नसेल तर ज्याचं स्वतःचं पुस्तक पुढच्या महिन्यात यायचं आहे असा कुणी तरी लिहितो. प्रकाशन समारंभात अध्यक्ष 'पुस्तक अजून वाचायचं आहे' असं सांगून त्यावर पाऊण तास बोलतात आणि टाळ्या घेतात. समासकरांना ना भेटप्रत आलेली असते, ना मानधन, ना कार्यक्रमानंतरचा बटाटेवडा. लेखक कुणाचा कोण, हे त्यांना माहीत नसतं. नाव छापून यायची सोय नाही, म्हणून खोटं बोलायचं कारणही नाही. शिवाय ते ओळ न् ओळ वाचतात. 'बोअर' असा शेरा पान ४०वर असेल, तर ४० पानं त्यांनी इमानानं सोसलेली असतात. भल्या जाड कादंबरीत पान ११२पर्यंत गजबजलेला समास पुढे एकदम कोरा झाला, तर पुस्तक कुठे मेलं याचा याहून नेमका पंचनामा कुठल्याच मासिकात मिळणार नाही. आणि क्वचित, अगदी क्वचित, कुठल्याशा अप्रसिद्ध कवीच्या पातळ संग्रहात एकच शब्द असतो : 'वा.' तेवढ्यासाठी मी तो संग्रह विकत घेतलेला आहे.

तेव्हा लेखक मंडळींनो, पुरस्काराची बातमी आणि मित्रांचे अभिप्राय फायलीला लावून झाले असतील तर एक करा. आडगावच्या एखाद्या वाचनालयाचे सभासद व्हा आणि तुमचंच पुस्तक आठवडाभर घरी न्या. अनामत परत मिळते.